आरओचं पाणी, मे महिना आणि माशाच्या अंगातलं मीठ

बडोद्याच्या दांडिया बाजारातल्या एका ताईंचा प्रश्न थोडक्यात असा. घरी शंभर लिटरची टाकी, त्यात मॉली, गप्पी आणि दोन गोल्डफिश. मे महिन्यात पाणी भराभर आटायचं, म्हणून रोज सोसायटीच्या बोअरचं पाणी वरून घालत होते. काचेवर पांढरे थर दिसायला लागले, तेव्हा मुलानं सगळं पाणी काढलं आणि दोन दिवस साठवलेलं घरच्या आरओचं पाणी भरलं. दुसऱ्या संध्याकाळपर्यंत मॉली सगळ्या गेल्या, गप्पी निम्म्या गेल्या, गोल्डफिश तळाशी बसून आहेत. दुकानदार म्हणतो मीठ टाका. पण भरूच जिल्ह्यात जंबुसरकडे भावाचं शेततळं आहे, तिथलं पाणी मुळातच खारट, आणि गेल्या उन्हाळ्यात तिथले रोहू मेले. मग मीठ माशाला मारतं की तारतं?

ताई, आधी त्या दोन गोल्डफिशचं बघू. त्यांचं पाणी घाईघाईनं पुन्हा पूर्ण बदलू नका. खाणं बंद ठेवा, हवेचा पंप चालू ठेवा, आणि शेवटी सांगतो त्या पद्धतीनं दोन-तीन दिवसांत हळूहळू पाणी सुधारा. दुकानदाराचं म्हणणं चूक नाही, पण मूठभर मीठ एकदम ओतून भलतंच होईल. ते का, हे एकदा नीट कळलं की भावाच्या तळ्याचा उलगडाही त्यातच होईल. म्हणून जरा सविस्तर लिहितो. पस्तीस वर्षं मी बीजकेंद्रं, शेततळी आणि लोकांच्या घरच्या टाक्या बघत आलोय, आणि जेवढे मासे रोगानं मेलेले पाहिले त्याहून जास्त पाण्याच्या अचानक बदलानं मेलेले पाहिले.

दवाखान्यातली सलाईनची बाटली आठवा. तिच्यावर ०.९ टक्के लिहिलेलं असतं, म्हणजे लिटरला नऊ ग्रॅम मीठ. आपल्या रक्ताचा खारटपणा तेवढाच. माशाच्या रक्ताचाही जवळपास तेवढाच असतो, नऊ-दहा ग्रॅम. तलावातल्या रोहूचा तेवढा आणि समुद्रातल्या सुरमईचा थोडासा जास्त. पण रोहू ज्या पाण्यात राहतो त्यात लिटरमागे अर्धा ग्रॅमही क्षार नसतात, आणि सुरमईच्या भोवतीच्या पाण्यात पस्तीस ग्रॅम असतात. आत-बाहेर असा फरक असला की काय होतं ते तुमच्या स्वयंपाकघरात रोज दिसतं. मनुका पाण्यात टाकल्या की फुगतात. कैरीच्या फोडींना मीठ लावून ठेवलं की पाणी सुटतं. गोड्या पाण्यातला मासा त्या मनुकेच्या जागी आहे: पाणी सतत आत शिरतंय आणि अंगातलं मीठ बाहेर झिरपतंय. समुद्रातला मासा कैरीच्या फोडीच्या जागी: चहूकडे पाणी असून त्याच्या अंगातलं पाणी ओढलं जातंय, वर मीठ आत घुसतंय.

खवले आणि बुळबुळीत त्वचा यांतून फारसं काही आत-बाहेर होत नाही. गळती होते ती कल्ल्यांतून. श्वास घ्यायचा तर रक्त आणि पाणी यांच्यामधला पडदा अतिशय पातळ हवा आणि त्याचा पसारा मोठा हवा. कल्ल्याच्या लाल पात्या भिंगाखाली पाहिल्यात तर एकेका पातीवर शेकडो बारीक पापुद्रे दिसतील. प्राणवायू ज्या वाटेनं सहज आत येतो, त्याच वाटेनं पाणी आणि मीठही ये-जा करतात. मासा हे टाळू शकत नाही. तो फक्त आत शिरलेलं उपसत राहतो आणि गेलेलं भरून काढत राहतो.

रोहू पाणी जवळपास पीतच नाही. शिरलेलं पाणी मूत्रपिंडांतून पातळ लघवीच्या रूपानं बाहेर टाकतो, आणि गोड्या पाण्यातले काही मासे दिवसाला आपल्या वजनाच्या पाचव्या-चौथ्या हिश्श्याइतकी लघवी करतात. माणसाच्या हिशेबानं साठ किलोच्या माणसानं रोज बारा-पंधरा लिटर, असा हा मामला. लघवीबरोबर जाणारं मीठ वाचवूनही तूट राहते, ती खाण्यातून आणि कल्ल्यांमधल्या खास पेशींतून भरून निघते. या पेशी बाहेरच्या जवळपास अळणी पाण्यातून सोडियम आणि क्लोराइडचे कण वेचून आत ओढतात. सुरमईचं उलट. ती समुद्राचं पाणी पिते, आतड्यात मिठासकट ते शोषून घेते, आणि जादा मीठ त्याच जातीच्या पेशींतून कल्ल्यांवाटे बाहेर फेकते. मॅग्नेशियम आणि सल्फेट मूत्रपिंडांतून थोड्याशाच लघवीत जातं.

हे कोडं सुटायला बराच काळ लागला. १९३० साली होमर स्मिथ यांनी माशांच्या पाण्यात फिनॉल रेड नावाचा रंग घातला. हा रंग आतड्यातून शोषला जात नाही. समुद्रातल्या माशांच्या आतड्यात तो दाट होऊन साचलेला सापडला, म्हणजे ते पाणी पितात आणि त्यातलं पाणी शरीरात घेतात हे ठरलं. पुढच्याच वर्षी अँसेल कीज यांनी कोपनहेगनला ऑगस्ट क्रोग यांच्या प्रयोगशाळेत ईल माशाच्या कल्ल्यांतून द्रव फिरवून दाखवलं की क्लोराइड तिथूनच बाहेर टाकलं जातं. हेच कीज पुढे आहार आणि हृदयरोग यांच्या संबंधावरच्या कामामुळे जगाला माहीत झाले. या सगळ्या पेशींच्या मुळाशी जो पंप आहे, सोडियम बाहेर आणि पोटॅशियम आत ढकलणारा, तो येन्स स्कोऊ यांनी १९५७ मध्ये खेकड्याच्या मज्जातंतूंवर काम करताना ओळखला. त्यासाठी त्यांना १९९७ चं नोबेल मिळालं. हा पंप आपल्या पेशींतही आहे. तो फुकट चालत नाही, त्याला सतत ऊर्जा लागते आणि ऊर्जेला प्राणवायू. ताई, एवढी एक गोष्ट लक्षात ठेवा, कारण मे महिना इथूनच आत येतो.

बडोद्याला मे महिन्यात पारा बेचाळीस-त्रेचाळीसला जातो. गच्चीच्या खालच्या खोलीतल्या टाकीचं पाणी सहज बत्तीस-तेहतीस अंशांवर असतं. पाणी वीस अंशांना असताना लिटरमध्ये साधारण नऊ मिलिग्रॅम प्राणवायू मावतो, तीस अंशांना साडेसात, पस्तीसला सातच्या आत. खारट पाण्यात आणखी कमी: तीस अंशांच्या समुद्राच्या पाण्यात सव्वासहाच्या आसपास. आणि नेमकं याच वेळी माशाची गरज वाढलेली असते, कारण तापमान दहा अंशांनी चढलं की त्याचा प्राणवायूचा खर्च साधारण दुप्पट होतो. मग मासा काय करतो? तोंडाची उघडझाप वाढवतो, आणि एरवी बंद ठेवलेल्या पापुद्र्यांतही रक्त सोडतो. श्वास जास्त मिळतो, पण गळतीचं क्षेत्रही तेवढंच वाढतं. गोड्या पाण्यात मीठ जास्त सुटतं, पाणी जास्त शिरतं. ते उपसायला पंप जास्त चालवायचा, त्याला पुन्हा प्राणवायू हवाच. घाबरलेल्या, जाळ्यात पकडलेल्या, पिशवीत हिंदकळलेल्या माशाचंही असंच होतं, फक्त तिथं ॲड्रेनलिनमुळे रक्ताची वाट उघडते. मी नवा असताना जूनच्या दुपारी रोहूचं बीज ऑक्सिजन भरलेल्या पिशव्यांतून नेलं. पोचलं तेव्हा पिशव्या फुगलेल्याच होत्या, ऑक्सिजन शिल्लक होता, पाणी स्वच्छ होतं. बोटुकल्या, म्हणजे बोटभर लांबीची पिल्लं, मात्र दोन दिवस मरत राहिल्या. कारण शोधताना कळलं की त्यांच्या अंगातलं मीठ प्रवासातच गेलं होतं. तेव्हापासून बोटुकल्यांच्या प्रवासाच्या पाण्यात लिटरला तीन ग्रॅम मीठ घातल्याशिवाय मी पिशवी बांधत नाही. बाहेर थोडं मीठ असलं की आतलं कमी सुटतं आणि पंपाचं काम हलकं होतं. दुकानदार मीठ टाका म्हणतो त्यामागे हेच आहे.

थंडीत वेगळा घोळ होतो. गळती थोडीशीच मंदावते, पण पंप हा प्रथिनांचा, त्यामुळे गारठ्यात तो जास्त सुस्तावतो. जमा-खर्चाचा मेळ बसत नाही आणि रक्तातलं मीठ उतरतं. शिवाय पेशींचे पडदे चरबीचे. थंडीत तूप थिजतं आणि गोडं तेल पातळ राहतं, हे घरोघरी ठाऊक आहे. मासा थंडी येता येता आपल्या पडद्यांतली चरबी तुपाकडून तेलाकडे नेतो, पण त्याला आठवडे लागतात. एका रात्रीत पाणी आठ अंशांनी उतरलं तर त्याच्याकडे वेळच नसतो. तिलापियावरच्या प्रयोगांत दिसलं आहे की अगदी गोड्या पाण्यात तो ज्या थंडीत दगावतो, ती थंडी लिटरला पाच ग्रॅम मीठ असलेल्या पाण्यात तो सोसतो. डिसेंबर-जानेवारीत तळ्यातला पंगास मासा खाणं सोडून कोपऱ्यात बसतो, तेव्हा खाद्य वाढवू नये. मी तरी दुपारच्या उन्हात पाणी तापल्यावर थोडंसंच टाकायला सांगतो.

आता तुमची टाकी. पाणी आटतं तेव्हा वाफ जाते, क्षार टाकीतच राहतात. त्यावर रोज बोअरचं जड पाणी घातलंत, म्हणजे दर दिवशी नवे क्षार आणलेत आणि जुने तसेच ठेवलेत. काचेवरचा पांढरा थर त्याचाच. महिन्याभरात टाकीचा टीडीएस, म्हणजे पाण्यात विरघळलेल्या क्षारांचा आकडा, दुप्पट-तिप्पट होणं अगदी शक्य आहे. पण मासे मेले नाहीत, कारण बदल रोज थोडा थोडा होता आणि मॉली-गप्पी जड पाण्यातल्याच. त्यांच्या कल्ल्यांनी त्या पाण्याशी जुळवून घेतलं होतं. मग एका दुपारी त्यांना आरओच्या पाण्यात घातलं, ज्यात क्षार जवळपास नाहीतच. आतलं मीठ बाहेर धावलं आणि ते परत वेचून आणायला बाहेर काही उरलंच नव्हतं. त्यात कॅल्शियमही गेलं. कल्ल्यांच्या पेशींमधल्या फटी घट्ट धरून ठेवायचं काम कॅल्शियम करतं. जड पाण्यातलं कॅल्शियम एकदम गेलं की फटी सैल होतात, गळती वाढते. मॉली मरण्याआधी पुढे न जाता जागच्या जागी डुलत होत्या का? पर अंगाला मिटून? तसं असेल तर मला शंका उरणार नाही. गोल्डफिश जरा दणकट आणि मुळातला गोड्या पाण्याचा, म्हणून तो अजून आहे.

आरओचं पाणी आपल्याला पिण्यासाठी आहे. माशाची टाकी त्यानं पूर्ण कधीच भरू नये. बोअरचं पाणी फार जड असेल तर त्यात निम्मं मिसळायला हरकत नाही. त्यापेक्षा नळाचं पाणी बरं. आपलं नळाचं पाणी सयाजीराव महाराजांच्या काळच्या आजव्याचं आणि महीचं, माशांना मानवणारं. मात्र त्यातलं क्लोरीन उडायला एक दिवस उघड्या बादलीत ठेवा, हवेचा दगड सोडलात तर आणखी चांगलं.

सगळ्याच माशांना असा त्रास होत नाही, हे पाहायचं असेल तर भावाकडे जाताना कावी-कंबोईला थांबा. स्तंभेश्वराचं देऊळ भरतीत बुडतं म्हणून आपल्याकडची माणसं तिथं जातात. मी मात्र त्या चिखलासाठी जातो. मही तिथं खंभातच्या आखाताला मिळते. ओहोटीला नदीचं गोडं पाणी, भरतीला समुद्राचं, दिवसातून दोनदा. पात्रात खारटपणा मोजायचा रीफ्रॅक्टोमीटर धरला तर तासातासाला आकडा बदलतो. ओहोटीनंतर त्या करड्या चिखलावर निवट्या दिसतात, तिथले लोक लेवटा म्हणतात. बोटभर लांब, डोळे डोक्याच्या वर, परांवर टेकून सरपटत जाते. पाणी नाही, माथ्यावर ऊन, चिखल तापलेला, आणि तिचं चाललेलं असतं. मधूनच ती एका कुशीवर लोळते आणि अंग ओलं करते. एकदा मी तासभर एकाच निवटीकडे बघत बसलो होतो. बोई, जिताडा, तिलापिया हेही असे दोन्हीकडचे. पावसाळ्यात समुद्रातून नर्मदेत अंडी घालायला चढणारा पाला मासा (हिलसा) तर आयुष्यात दोन्ही दिशांना जातो.

त्यांच्याकडे विशेष काय असतं? कल्ल्यांतल्या पेशी बदलण्याची तयारी. गोड्याकडे जाताना प्रोलॅक्टिन हे संप्रेरक वाढतं, पडदे घट्ट होतात, मीठ आत ओढणाऱ्या पेशी तयार होतात. ग्रेस पिकफर्ड यांनी १९५९ मध्ये दाखवलं की मेंदूखालची पियूषिका ग्रंथी काढलेला किलीफिश हा छोटा मासा गोड्या पाण्यात मरतो आणि प्रोलॅक्टिन दिलं की जगतो. खाऱ्याकडे जाताना कॉर्टिसॉल या दुसऱ्या संप्रेरकाचं काम जास्त, मग मीठ बाहेर फेकणाऱ्या पेशी वाढतात आणि मासा पाणी प्यायला लागतो. पाणी पिणं काही तासांत सुरू होतं, पण पेशींची नवी फळी उभी राहायला कित्येक दिवस जातात, कधी आठवडा-दोन आठवडे. मोझांबिक तिलापिया, जो १९५२ मध्ये आपल्या देशात आणला गेला, समुद्राहून खारट पाण्यातही जगू शकतो. त्यालाच गोड्या पाण्यातून उचलून थेट समुद्राच्या पाण्यात टाकलात तर बहुतेक वेळा मरतो. तोच मासा, तेच पाणी, मध्ये पाच-सहा दिवसांच्या पायऱ्या दिल्या की पोहत राहतो. मला शेतकरी विचारतात, हा मासा किती मीठ सोसतो? मी त्यांना विचारतो, किती दिवसांत?

रोहू-कटला या बाबतीत बापडे आहेत. त्यांच्याकडे मीठ आत ओढायची यंत्रणा चांगली आहे, बाहेर फेकायची जवळपास नाही. पाण्याचा खारटपणा पाच पीपीटीपर्यंत, म्हणजे लिटरला पाच ग्रॅम, ते वाढतात. त्यापुढे वाढ खुंटते. आठ-दहाच्या आसपास पाण्याचा खारटपणा त्यांच्या रक्ताच्या बरोबरीला येतो, आणि तिथून पुढे सगळा कारभार उलटा चालवायला हवा, तो त्यांना जमत नाही. जंबुसरच्या बाजूला जमिनीतलंच पाणी खारट. भावाच्या तळ्यात डिसेंबरला चार पीपीटी असेल आणि जूनपर्यंत निम्मं पाणी उडालं असेल, तर आठ झालंच. वर तापलेलं पाणी, कमी प्राणवायू, आणि पहाटे शेवाळानं उरलासुरला खाल्लेला. आकडा जीवघेणा असो-नसो, सगळं एकत्र आलं की मासा हरतो.

पहिल्या पावसाची गोष्टही भावाला सांगा. गोडं पाणी हलकं, ते वर तरंगतं, खारट गरम पाणी खाली अडकतं आणि तिथला प्राणवायू संपतो. पाऊस आला म्हणून लोक निर्धास्त होतात आणि दुसऱ्या सकाळी मासे वर तोंड काढून असतात. पावसाच्या रात्री एअरेटर चालवायचा, दोन्ही थर मिसळायचे. आणखी एक: जमिनीतलं खारट पाणी म्हणजे पातळ केलेला समुद्र नव्हे. त्यात पुष्कळदा पोटॅशियम फार कमी असतं, आणि मघाच्या त्या पंपाला पोटॅशियम लागतंच. म्हणून नुसता टीडीएस पाहून जिताडा किंवा कोळंबी सोडू नये. सोडियम, पोटॅशियम, कॅल्शियम, मॅग्नेशियम वेगवेगळं तपासून घ्यावं. माझं मत विचाराल तर त्या तळ्यात रोहू आता नकोच. पाणी तपासून बोई किंवा परवाना मिळत असेल तर तिलापिया. आणि मार्च-एप्रिलमध्ये, तळं निम्मं व्हायच्या आत, बाजारात नेण्याजोगे मासे काढून घ्यायचे.

तुमच्या गोल्डफिशसाठी आता असं करा. आज दहा लिटर पाणी काढा आणि तेवढंच एक दिवस ठेवलेलं नळाचं पाणी काठानं सावकाश सोडा, दोन्ही पाण्यांचं तापमान हाताला सारखं लागलं पाहिजे. सकाळ-संध्याकाळ हेच, तीन दिवस. मीठ साधं जाडं घ्या. आयोडीनवालं असलं तरी एवढ्या प्रमाणात बिघडत नाही. पहिल्या दिवशी शंभर ग्रॅम, मग्यात पूर्ण विरघळवून, तासाभरात तीन-चार वेळा थोडं थोडं. दुसऱ्या दिवशी आणखी शंभर. शंभर लिटरला दोनशे ग्रॅमवर थांबा. टाकीत जिवंत झाडं असतील तर ती आधी दुसऱ्या बादलीत काढा, त्यांना मीठ सोसत नाही. रोज थोडं पाणी बदलताय त्यामुळे थोडं मीठ जाईलच, तेवढं पुन्हा घाला. वाफेनं आटलेल्या पाण्याच्या जागी मात्र मीठ घालू नका, ते टाकीतच आहे. इथं, आटलेलं भरायला, तुमचं आरओचं पाणी उत्तम.

मुलानं फिल्टरचा स्पंजही नळाखाली धुतला असेल तर मला कळवा. त्यातले माशांची घाण पचवणारे जिवाणू गेले असले की आठवड्यात पाण्यात नायट्राइट हे विष वाढतं. ते क्लोराइडच्याच दारानं कल्ल्यांतून आत शिरतं, आणि रक्त चॉकलेटी करतं. मीठ असलं की क्लोराइड त्या दारात गर्दी करतं आणि नायट्राइटला जागा मिळत नाही, म्हणून हे दोनशे ग्रॅम दोन्ही कामांना येतील. कल्ल्याचं झाकण उघडतं तेव्हा आतला रंग बघा. लाल हवा, तपकिरी दिसला तर त्याच दिवशी सांगा.

घरात आरओ आहे म्हणजे टीडीएसचा पेनही बहुधा असेल. आज टाकीचं, बोअरचं आणि नळाचं असे तीन आकडे घ्या, मुलालाच घ्यायला लावा, आणि मला कळवा.